डब्यातला संगमरवर

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं जुनी माणसं सांगून गेली. त्या जुन्या माणसांची आणि रंगारीबुवांची गाठ कधी पडली नसावी. रंगारीबुवांनी पैशाचंही सोंग आणलं, आणि ते इतकं हुबेहूब वठलं की सरकारनं त्यावर कर बसवला.

रंगारीबुवांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात घालवला. साधा रंग कोणीही देतो. यांचा हात होता नकलेत. प्लायवूडच्या दाराचं सागवान करायचं, सिमेंटच्या खांबाचा संगमरवर करायचा. पांढऱ्या तेलरंगाचे दोन हात, त्यावर पातळ करड्या रंगाचा ओला थर, त्यात कोंबडीच्या पिसानं ओढलेल्या शिरा, आणि त्या वाळायच्या आत मऊ ब्रशनं अशा काही पुसट करायच्या की दगडानं स्वतः येऊन खात्री करावी. दातांच्या डॉक्टरांचे दवाखाने, फोटो स्टुडिओ, एका विमा कंपनीची बसायची खोली, सगळीकडे बुवांचा संगमरवर लागलेला होता. बिल द्यायची वेळ आली की मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना एकच वाक्य सुचायचं, "एवढे कसे हो? रंगच तर आहे!"

त्यांचं स्वतःचं घर एका बोळाच्या टोकाला होतं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. घर बांधताना गिलाव्यापर्यंत पैसे पुरले आणि तिथेच संपले. बाकी कुणी गिलाव्यावर चुना मारून गप्प बसला असता, पण बुवांनी लग्नाआधी होणाऱ्या बायकोला "संगमरवराच्या घरात ठेवीन" असा शब्द दिलेला होता. लग्नाआधी पुरुष बरंच काही बोलतात, आणि त्याचा पंचनामा करायला नंतर कोणी येत नाही. बुवांनी मात्र ते मनावर घेतलं. पुढच्या पायरीवरचे दोन गोल खांब संगमरवरी केले, दार सागवानी केलं, आणि स्वयंपाकघराच्या मागे शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असल्यामुळे तिथे खिडकी काढता येईना, तर भिंतीवर एक खिडकी रंगवली. अर्धी उघडी, पितळी कडीची, पलीकडे फुललेली बाग.

बायको एका लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांचे डाग बघून तिची जीभ चांगली परजलेली होती. घरी कोणी आलं आणि खांबांकडे बघितलं की ती सांगायची, "आमचा संगमरवर डब्यातून आलाय. झाकण उघडा आणि श्रीमंत व्हा." पाहुणे हसायचे, बुवाही हसायचे. पण दूधवाला पिशवी देताना खांबाला टेकला, तर हीच बाई आतून ओरडायची, "हात काढा! रंग लागेल हाताला!" रंग वाळून तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हाताला लागेल असं त्यात काय उरलं होतं, हे दूधवाल्यानं विचारलं नाही. तो शहाणा माणूस होता.

वरच्या खोलीत आक्का राहायची. बुवांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आधी ती धाकट्या भावाकडे होती. तिथे तिचं अंथरूण जाण्यायेण्याच्या वाटेत पडायचं, आणि रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जायचा. बुवांनी एक दिवस ते बघितलं आणि तिची बॅग उचलून घरी आणली. आक्का कमी बोलायची, कमी जेवायची आणि घरात काहीही बिघडलं, अगदी नळाला पाणी आलं नाही तरी, ते आपल्यामुळेच असं धरून चालायची.

अशात फेरआकारणी निघाली. गावातल्या सगळ्या घरांची घरपट्टी नव्यानं ठरणार. घर किती फुटांचं, कशाचं बांधलेलं, किती जुनं, कशासाठी वापरतात, हे सगळं घरोघर जाऊन बघायचं, मग घराला अ, ब, क असा वर्ग द्यायचा आणि त्यावरून कर. नियम सोपा होता. सोप्या नियमांचंच माणसाला भय बाळगावं लागतं.

मोजणीवाली आली दुपारी. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं लाल झालेली. पायरीवर चढली आणि थांबली. "अय्या! संगमरवर?"

इथे बुवांनी "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरांचा शब्द. पण तीस वर्षांत त्यांना कोणी असं, पोटातून, विचारलं नव्हतं. बुवांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज चढलं. ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"परदेशी वाटतो," ती म्हणाली.

"चहा घेता ना?" बुवा म्हणाले.

तिनं टॅबवर खांबांचा फोटो घेतला. दाराकडे बघून "सागवान?" म्हणाली, त्यावर बुवा म्हणाले, "हात लावून बघा की." तिनं हात लावला नाही, तिला अजून पुढची सगळी गल्ली मोजायची होती. स्वयंपाकघरात बायकोनं नुकतीच फरशी पुसली होती. ती म्हणाली, "पाय उमटतील, तिथूनच बघा." मुलीनं उंबऱ्यावरूनच मान वाकवली. "मागे बागही आहे वाटतं?"

"आहे की," बायको म्हणाली. "बारा महिने फुललेली असते. पाणीसुद्धा घालावं लागत नाही."

बायकोनं हे टोमण्यात म्हटलं होतं. पण टोमणा टिपून घ्यायची सोय त्या टॅबमध्ये नव्हती. त्यात बाग टिपली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते एरवी एकट्यानं करायचं असतं. इथे नवराबायकोनं मिळून केलं.

त्या संध्याकाळी बुवा शीळ घालत होते. "परदेशी म्हणाली," ते बायकोला सांगत होते. "स्वतःहून म्हणाली. मी एक अक्षर खोटं बोललो नाही."

"खरंही बोलला नाहीत," बायको म्हणाली.

पुढे महिनाभरानं नोटीस आली. अ वर्ग. परदेशी संगमरवरी खांब, सागवानी दार, हवेशीर स्वयंपाकघर, खाजगी बाग. घरपट्टी जवळजवळ चौपट. आणि सही करणाऱ्यानं खाली छापील अक्षरांत सहकार्याबद्दल आभारही मानले होते, कारण शिष्टाचाराला खर्च येत नाही.

नाकापेक्षा मोती जड झाला. बुवांचे गुडघे गेल्यापासून ते शिडीवर चढत नव्हते. हाताला येतील ती छोटी कामं, आणि बायकोची लाँड्री, यावर घर चाललं होतं. हा कर भरायचा तर एकच वाट होती, वरची खोली भाड्यानं द्यायची. हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजही पडली नाही. आक्कानं जिन्यातून नोटिशीचं वाचन ऐकलं होतं. सकाळी बुवा वर गेले तर पलंगाखालची बॅग पलंगावर आलेली, आणि त्यात आक्काची चार लुगडी घड्या घालून ठेवलेली.

"थोडे दिवस धाकट्याकडे जाऊन येते म्हटलं," आक्का म्हणाली. "बऱ्याच दिवसांत गेले नाही."

"आक्का, बॅग खाली ठेव."

"ठेवते रे. कराचं काय ते ठरू दे, मग ठेवते."

बुवांना रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी खोलीचं छत बघितल्यासारखं केलं. एका मुलीनं "अय्या" म्हटल्याच्या मोबदल्यात आपण थोरल्या बहिणीला पुन्हा त्या वाटेतल्या अंथरुणावर पाठवायला निघालो, हे त्यांना लख्ख कळलं.

बोळात वकीलकाका म्हणून एक गृहस्थ होते. ते वकील नव्हते. एका सामाईक भिंतीच्या दाव्यात ते तरुणपणी अडकले आणि दावा चालू असतानाच निवृत्त झाले, एवढाच त्यांचा कायद्याशी संबंध. पण बोळाला तेवढा पुरत होता. त्यांनी नोटीस नाकाजवळ धरून वाचली.

"हरकत घ्या," ते म्हणाले. "मुदतीच्या आत घ्या. आणि एक लक्षात ठेवा. तिथे जाऊन कर जास्त आहे म्हणून रडायचं नाही. कर सगळ्यांनाच जास्त वाटतो, त्यांना ते पाठ आहे. घराचं वर्णन चुकलंय एवढंच म्हणायचं. वर्णन बदललं की वर्ग बदलतो, वर्ग बदलला की कर आपोआप खाली येतो."

"म्हणजे फक्त खरं सांगायचं?"

"हो," वकीलकाका म्हणाले आणि जरा काळजीत पडले. "तेच अवघड असतं."

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पण तो साहेबांच्या बाजूला वळलेला होता. साहेब पोक्त, चष्मा कपाळावर सरकवलेला. बुवांनी खाली मान घालून सांगितलं, "साहेब, तो संगमरवर नाही. रंग आहे. मीच दिलाय."

साहेबांनी फाइलमधला खांबांचा फोटो समोर ठेवला. "हा रंग आहे?"

"हो साहेब."

"या खुर्चीत बसल्यापासून मी एकाही माणसाचं घर चांगलं असल्याचं ऐकलेलं नाही," साहेब म्हणाले. "इथे येताना सगळ्यांची घरं पडायला आलेली असतात. हीच माणसं कर्ज मागायला बँकेत जातात तेव्हा त्याच घराचा राजवाडा होतो. पुरावा काय?"

"कसला पुरावा, साहेब?"

"संगमरवर घेतला असता तर पावती असती. घेतला नाही, तर न घेतल्याचं काहीतरी असेल ना?"

बुवांनी विचार केला. न घेतलेल्या बऱ्याच वस्तू त्यांच्या घरात होत्या, पण पावती एकीचीही नव्हती. शेवटी साहेब उदार होऊन म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येऊन बघतो."

घरी आल्याबरोबर बायकोनं निकाल दिला. "खरवडा. एका खांबाचा हातभर रंग काढा, खालचा गिलावा दिसेल, संपलं."

रंगाआधी भिंतीतले खड्डे बुजवायला जी लांबी भरतात, तिची पत्र्याची पट्टी घेऊन बुवा पायरीवर बसले. पट्टी खांबाला लावली, काढली. परत लावली. याच खांबावर त्यांनी बायकोला दिलेला शब्द पिसानं काढला होता. दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर त्यांनी इतका जीव लावला नव्हता. त्यांच्यानं होईना. मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि कारागिराला युक्ती सुचली की घरच्यांनी सावध व्हायचं असतं.

खरवडलेला खांब दाखवायचा आहे ना? मग खरवडायचं कशाला? तसा काढता येतो की! बुवांनी पाण्यात मिसळायचे रंग घेतले, म्हणजे नंतर ओल्या फडक्यानं पुसता येतील, आणि तेलरंगाच्या संगमरवरावर दारिद्र्य रंगवायला सुरुवात केली. आधी उडालेला गिलावा, त्याखाली लाल विटा. मग ओल. मग एक तडा. तडा इतका छान जमला की बुवांना राहवेना, त्यांनी तो वर छतापर्यंत नेला. दुसऱ्या खांबाला वाईट वाटायला नको म्हणून त्यालाही एक दिला.

बायको कामावरून आली आणि फाटकाशीच थबकली. "देवा! घर पडल्यासारखं दिसतंय."

"हो ना?" बुवा खुलून म्हणाले. या माणसाला कशाचा आनंद होईल याचा भरवसा नव्हता.

ठरल्या दिवशी साहेब आले. फाटक उघडलं, वर बघितलं आणि चार पावलं मागे गेले.

"आत कोणी राहतं?"

"आम्हीच, साहेब. या ना."

"येऊ कुठे?" साहेब रस्त्यावरूनच म्हणाले. "खांब फुटलेत. आता हा कराचा विषयच राहिला नाही. ही धोकादायक इमारत आहे, आजच्या आज रिकामी करायला लागेल." त्यांनी खिशातून पेन काढलं.

आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, हे बुवांना भर पायरीवर कळलं. कर राहिला बाजूला, आता घरच चाललं. त्यांनी धावत जाऊन ओलं फडकं आणलं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत तडा पुसायला लागले. "साहेब, हे बघा, तडा नाही, रंग आहे! विटा नाहीत, रंग आहे!" वीट पुसली गेली, ओल पुसली गेली, आणि खालून तो संगमरवर निघाला, धुतल्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच झळझळीत.

साहेब आता पायरीवर चढले. चोर सापडल्यावर माणसाच्या पावलात जोर येतो.

"असं!" ते म्हणाले. "म्हणजे संगमरवर आहे, आणि कर चुकवायला त्याच्यावर भेगा काढल्या. याला दंड असतो, माहीत आहे?"

खरं सांगितलं तेव्हा पावती मागितली, खोटं दाखवलं तर घर काढून घ्यायला निघाले, आणि आता जे उघडं पडलं तेही खोटंच होतं, पण ते खरं धरून दंड होणार होता. तेवढ्यात बायको पुढे झाली.

"साहेब, तुम्हाला घाम आलाय," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "आत या. स्वयंपाकघरातली खिडकी उघडा जरा, बागेतला वारा येईल."

साहेब आत गेले. खिडकी अर्धी उघडी होती, पलीकडे फुलं होती. त्यांनी पितळी कडीला हात घातला. नखं भिंतीवर घासली. त्यांनी परत हात घातला.

"अडकली आहे का?"

"तीस वर्षं झाली," बायको म्हणाली.

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले. मग वळून हळूच म्हणाले, "बाई, मला पटलं. पण मला पटून उपयोग नाही, फाइलला पटलं पाहिजे. खालच्या गिलाव्याचा फोटो लागेल. खांब खरवडावा लागेल."

बुवांनी बायकोकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं. त्याच वेळी जिन्यात पाऊल वाजलं. आक्का बॅग घेऊन खाली उतरत होती. घर रिकामं करायला सांगितलंय एवढंच तिच्या कानावर गेलं होतं.

"मी निघते रे," ती म्हणाली. "तुम्ही साहेबांशी भांडू नका."

बुवांनी त्या बॅगेकडे बघितलं आणि पट्टी उचलली. या वेळी हात थांबला नाही. पांढऱ्या, करड्या रंगाचे पापुद्रे पायरीवर पडत गेले आणि खालून निघाला तो साधा, खडबडीत, पैसे संपलेल्या दिवशीचा गिलावा. बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या खेपेला त्यांनी छत वगैरे काही बघितलं नाही.

साहेबांनी फोटो घेतला. "साधा गिलावा. बाग नाही. क वर्ग," म्हणाले आणि लिहायला लागले.

"शेरा लिहा," बायको म्हणाली.

"काय?"

"लिहा, की हे हातानं काढलेलं आहे आणि तुमच्या ऑफिसातल्या दोन माणसांना ओळखता आलं नाही."

"तसा रकाना नाही, बाई."

"मग करा! सगळ्याला रकाना असतो तुमच्याकडे. घरात बाग नव्हती तर बागेलासुद्धा सापडला होता."

साहेब पेन खिशात टाकून निघाले. पायरी उतरताना मात्र त्यांना राहवलं नाही. दगड गार लागतो का बघावं, म्हणून त्यांनी दुसऱ्या खांबावर तळवा ठेवला.

"हात काढा!" बायको ओरडली. साहेबांनी चटका बसल्यासारखा हात काढला आणि लगबगीनं फाटकाबाहेर पडले.

संध्याकाळी बुवा पायरीवर बसून खरवडलेल्या जागी लांबी भरत होते. शेजारी पांढऱ्या रंगाचा एकच डबा होता. बायको आक्काची रिकामी बॅग माळ्यावर टाकून बाहेर आली, चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि डब्याकडे बघत उभी राहिली.

"नुसता पांढरा देणार?"

"दुसरं काय द्यायचं?" बुवा म्हणाले. "रंगच तर आहे."

बायको गुडघ्यांवर हात टेकत त्यांच्याशेजारी बसली आणि लांबीवर, हात न लावता, बोट फिरवायला लागली. "इथून एक करडी शीर निघायची. इथवर सरळ यायची, मग दोन फाटे. उजवा बारीक. डावा तुम्ही त्या दिवशी जरा जाड काढलात, आणि तो पुसट करायचा राहून गेला. तो जाडच काढा. बारीक काढलात तर मला चुकल्यासारखं होईल."

बुवा तिच्याकडे बघत राहिले. "तू हे कधी बघितलंस?"

"रोज पुसते मी तो खांब. डोळे मिटून पुसते काय?"

"आणि पुन्हा कोणी मोजायला आलं तर?"

"तुम्ही आक्कांच्या खोलीत जाऊन बसा," बायको म्हणाली. "मी सांगेन, डब्यातून आलाय म्हणून."

बुवांनी चहा तसाच ठेवला आणि पीस शोधायला आत गेले.